दुभाष्याला फोन लावण्याआधी

संध्याकाळी सहाच्या सुमारास येणारे फोन मी पहिल्या वाक्यावरूनच ओळखते. पलीकडे एचआरमधलं कुणीतरी असतं, मागे प्रिंटर खडखडत असतो. "मॅडम, उद्या सकाळी दहाला आमचा कार्यक्रम आहे, एक साइन लँग्वेजवाले पाठवता का?" कार्यक्रम कसला, किती वेळ चालणार, कर्णबधिर किती जण येणार, ते कोणती भाषा वापरतात, यातलं काहीच त्यांना माहीत नसतं. दोष त्या बिचाऱ्यांचाही नसतो. साहेबांनी जिना उतरता उतरता सांगितलेलं असतं, "तेवढं इंटरप्रिटरचं बघून घ्या."

माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मी आधी हातांनी बोलायला लागले, तोंडाने नंतर. पुढे रीतसर शिकून सांकेतिक भाषेची दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर, झाले आणि आता संस्थांना ही सोय कशी उभी करायची ते सांगत फिरते. "तेवढं इंटरप्रिटरचं" ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुभाषी कर्णबधिर माणसासाठी बोलावतात असं सगळे धरून चालतात. पण त्याची भाषा तुम्हालाही येत नाही ना? मग माझी गरज तुम्हालाही तितकीच आहे. "त्यांच्यासाठी सोय केली" असं म्हणणारी संस्था मला कोपऱ्यात उभी करते. "आम्हाला एकमेकांशी बोलायचंय" असं म्हणणारी संस्था आधी विचारते, "तुम्ही कुठे उभ्या राहिलात तर बरं?"

आधी त्या माणसाला विचारा

मला फोन करण्याआधी ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला विचारा. ऐकू न येणारा प्रत्येक जण सांकेतिक भाषा वापरतो असं नाही. चाळिशीनंतर ऐकणं गेलेल्या माणसाला बहुधा ती येतच नाही. त्याला बोलणं चालू असतानाच पडद्यावर अक्षरांत उमटणारी लाइव्ह कॅप्शन हवी असतात. कुणाला श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी लूप यंत्रणा पुरते. कुणाला दुभाषीही हवा असतो आणि कॅप्शनही, कारण नवी नावं आणि आकडे वाचायला बरे पडतात. ज्याला दिसतही नाही त्याच्यासाठी हातात हात धरून खुणा कराव्या लागतात, आणि ते काम करणारे दुभाषी वेगळे.

नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घाला: "कार्यक्रमात पूर्ण सहभागी होण्यासाठी तुम्हाला काय लागेल? सांकेतिक भाषेचा दुभाषी (कोणती भाषा), लाइव्ह कॅप्शन, लूप, इतर." खाली उत्तराची शेवटची तारीख लिहा, कार्यक्रमाच्या किमान चार आठवडे आधीची. आणि उत्तर देण्यासाठी फक्त फोन नंबर देऊ नका. हसू नका, मी असे फॉर्म पाहिलेत.

विचारताना "मूकबधिर" हा शब्द टाळा. माझ्या आईला कुणी "मुकी" म्हटलेलं कळलं की ती अशी काही सुनावते की समोरच्याला भाषा येत नसूनही सगळं समजतं.

"आम्ही लिहून दाखवू की" किंवा "त्यांना ओठ वाचता येतात" हे दोन तोडगे हटकून पुढे येतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पार, बार, भार, मार" म्हणा. चारही शब्दांना ओठ एकसारखेच मिटतात आणि उघडतात. ओठ वाचणारा माणूस बाकीचं अंदाजाने भरत असतो. दोन तासांच्या बैठकीत असे अंदाज बांधत राहणं म्हणजे दिवसभर शब्दकोडं सोडवण्यासारखं. लिहिण्याचं म्हणाल तर, ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याच्यासाठी लिखित भाषा दुसरी किंवा तिसरी असते. कुणी तिच्यात तरबेज असतो, कुणी नसतो, आणि त्यावरून हुशारी मोजायची नसते. किरकोळ निरोपाला कागद चालतो. नोकरीची मुलाखत, चौकशी, डॉक्टरांचं बोलणं याला नाही.

कोणती सांकेतिक भाषा?

जगभर सांकेतिक भाषा एकच, ही समजूत काही जात नाही. जागतिक बधिर महासंघाच्या सांगण्यानुसार जगात ३००हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत बोलायला इंग्रजीच, पण ब्रिटिश आणि अमेरिकन सांकेतिक भाषा इतक्या वेगळ्या की एकीवरून दुसरी समजत नाही. अक्षरं दाखवायला एकीत दोन्ही हात लागतात, दुसरीत एकच पुरतो. अमेरिकन भाषेचं नातं उलट फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण लोराँ क्लेर्क हा बधिर शिक्षक फ्रान्सहून तिकडे गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्डच्या शाळेत शिकवू लागला. तेव्हा पाहुणा परदेशातून येत असेल तर "आमच्याकडे इंटरप्रिटर आहे" एवढ्याने भागत नाही. कोणत्या दोन भाषांमधला आहे, ते विचारा.

वयस्कर माणसांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली आणि शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी बोलणं शिकवावं असा ठराव झाला. त्याची छाया पुढे शंभर वर्षं अनेक देशांतल्या शाळांवर राहिली. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला, पण तोवर पिढ्या गेल्या होत्या. खुणा केल्या म्हणून पट्टी खाल्लेली माणसं मी ओळखते. कुणी घरगुती खुणांवरच आयुष्य काढलं, कुणाची भाषा मोजक्या मित्रांच्या वर्तुळातली. अशा वेळी माझ्यासारख्या ऐकणाऱ्या दुभाष्याच्या जोडीला बधिर दुभाषी लागतो. मी तुमचं बोलणं त्याला खुणांनी देते आणि तो ते समोरच्याला कळेल अशा रूपात मांडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दोन माणसांचे पैसे कशाला? एकदा समोरच्याचा चेहरा उजळलेला पाहिला की विचारत नाही.

दुभाषी कोण नव्हे

१० डिसेंबर २०१३ला जोहान्सबर्गमध्ये नेल्सन मंडेलांच्या श्रद्धांजली सभेत मोठमोठ्या राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी उभा राहून एक माणूस तासन् तास हातवारे करत होता. त्या हातवाऱ्यांना काही अर्थच नव्हता. व्यासपीठावरून कुणी त्याला थांबवलं नाही. टीव्हीसमोर बसलेल्या बधिर प्रेक्षकांनी मात्र लगेच ओरड केली. यातून आपल्या कामाचं एवढंच घ्या की दुभाषी चांगला आहे की नाही हे तुम्हाला पाहून कळणार नाही. हात झरझर चालतात, चेहरा बोलका आहे, म्हणून वा वा करू नका. प्रमाणपत्र मागा, नोंदणी आहे का बघा आणि बधिरांच्या संघटनेला किंवा तुमच्याच कर्णबधिर सहकाऱ्याला विचारा.

हौसेने चार आठवड्यांचा कोर्स केलेला सहकारी दुभाषी नव्हे. त्याने कर्णबधिर सहकाऱ्याशी जरूर गप्पा माराव्यात, पण शिस्तभंगाच्या चौकशीत मध्ये बसू नये. आणि घरातलं मूल तर मुळीच नव्हे.

मी नऊ वर्षांची असताना आईच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला गेलो होतो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला सांग, रिपोर्ट निगेटिव्ह आहे." निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढंच मला ठाऊक होतं. मी आईला तसंच सांगितलं: वाईट आहे. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, ते हसत होते. तिला वाटलं, धीर देताहेत. घरी येऊन तिने कपाट आवरायला घेतलं, माझे आणि बाबांचे कपडे वेगवेगळे लावले, कोणता गठ्ठा कशाचा ते मला दाखवून ठेवलं. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंनी तो कागद वाचला तेव्हा उलगडा झाला. तिथे कुणी वाईट वागलं नव्हतं, डॉक्टर घाईत होते आणि मी हुशार दिसत होते, एवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या करारात "व्यावसायिक" सांकेतिक भाषा दुभाषी असा शब्द आहे. तो का आहे, हे त्या कपाटाने मला शिकवलं.

बुकिंग करताना

चांगले दुभाषी थोडे असतात. तीन-चार आठवडे आधी विचारलंत तर मिळण्याची शक्यता चांगली. तासाभराहून जास्त काम असेल तर दोघं लागतात आणि ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. ही चैन नाही. एका भाषेत ऐकत असतानाच दुसरीत बोलायचं, तेही हात, खांदे, चेहरा सगळं वापरून. अर्ध्या तासात डोकं थकतं आणि चुका व्हायला लागतात, त्या आपल्या आपल्याला कळतही नाहीत. बाजूला बसलेला दुसरा दुभाषी मोबाइल बघत नसतो. निसटलेला आकडा, न कळलेलं नाव तो पहिल्याला पुरवत असतो.

आता साहित्य. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फुकटात सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो. कार्यक्रमपत्रिका, स्लाइड, भाषणाचा मसुदा, बोलणाऱ्यांची नावं आणि हुद्दे, तुमच्या खात्यातली लघुरूपं, हे सगळं चार-पाच दिवस आधी पाठवा. अर्धवट असेल तरी पाठवा. तुमच्याकडे "क्यू थ्री" आणि "पीएमओ" रोज बोलले जातात म्हणून ते मलाही माहीत असतील असं नसतं. प्रत्येक विभागप्रमुखासाठी एक खूण ठरवावी लागते आणि ती कर्णबधिर कर्मचाऱ्यांनी बहुतेक आधीच ठरवलेली असते. कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं त्यांच्यासोबत बसायला मिळालं की मी ती शिकून घेते. (तुमच्या साहेबांची खूण काय आहे, ते मला विचारू नका. सांगणार नाही.)

"कागद गोपनीय आहेत" हे कारण ऐकून घेते, पण पटत नाही. जे मी उद्या भर सभेत शब्दन् शब्द ऐकणार आहे, ते आज वाचलं तर काय बिघडलं? गोपनीयता हा आमच्या आचारसंहितेचाच भाग आहे. हवी असेल तर सही घ्या आणि पाठवा. कविता, गाणं, शपथ, प्रार्थना असेल तर आधीच हवी. कविता ऐन वेळी कानावर पडली तर तिचा फक्त सारांश हाती लागतो. कोट्यांचंही तसंच. वक्त्याने शब्दावर कोटी केली आणि सभागृह खदखदलं की कित्येकदा मी एवढंच सांगू शकते: "शब्दाचा खेळ केलाय, खुणांत उतरत नाही, पण सगळे हसतायत." त्यावरही लोक हसतात, पण माझ्यावर.

सभागृहात

एका संस्थेच्या वार्षिक सभेत मी मंचाच्या डाव्या बाजूला उभी होते. सगळं ठीक चाललं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "आता एक छोटी फिल्म पाहू," आणि दिवे गेले. फिल्मला कॅप्शन नव्हती. मी अंधारात खुणा करत राहिले, कारण थांबले तर तिकडे काहीच पोचलं नसतं. अर्थात तसंही पोचत नव्हतंच. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका कर्णबधिर कर्मचाऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या हातांवर धरला. त्याच्या शेजारच्यानेही धरला. सात मिनिटांची ती फिल्म त्यांनी तशी पाहिली, म्हणजे खरं तर पाहिलीच नाही, कारण पडद्याकडे बघायचं की माझ्याकडे? मागून कुणीतरी कुजबुजलं, "अरे, टॉर्च बंद करा, त्रास होतोय."

म्हणून फिल्म दाखवणार असाल तर तिला कॅप्शन हवीच, आणि दिवे पूर्ण घालवायचे असतील तर दुभाष्यावर एक लहानसा दिवा वेगळा ठेवा. तो समोरून असावा. पाठीमागे खिडकी किंवा झगझगता पडदा असेल तर आमची नुसती काळी आकृती दिसते आणि चेहरा नाहीसा होतो. चेहरा म्हणजे आमचं व्याकरण. बऱ्याच सांकेतिक भाषांत तेच वाक्य विधान आहे की प्रश्न, हे भुवयांवर ठरतं.

दुभाषी वक्त्याच्या शेजारी असावा, म्हणजे एकाच नजरेत दोघं आणि पडदा दिसतो. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलंत तर बघणाऱ्याची मान टेनिसच्या सामन्यासारखी फिरत राहते. मागची भिंत साधी ठेवा; फुलांची सजावट माझ्या हातांमागे नको. कर्णबधिर पाहुण्यांसाठी पुढच्या जागा राखा, पण कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या. छोट्या बैठकीत गोल किंवा घोड्याच्या नालेसारखी मांडणी सगळ्यात बरी, कारण तिथे बोलणारा माणूस दिसतो.

बोलताना

कर्णबधिर माणसाकडे बघून बोला, माझ्याकडे नाही. "त्यांना विचारा, त्यांचं काय मत आहे?" असं म्हणू नका. "तुमचं काय मत आहे?" असं थेट विचारा. मी उत्तर "मला वाटतं" असंच देईन. तो "मी" त्यांचा असतो, माझा नाही. आणि "हे त्यांना सांगू नका हं" असं हळूच म्हणालात तर मी तेही खुणांनी सांगेन. माझं कामच ते आहे.

मी तुमच्या काही सेकंद मागे असते. तुमचा विचार पुरता कळल्याशिवाय तो दुसऱ्या भाषेत जात नाही. म्हणून "काही प्रश्न?" विचारून लगेच "नाहीत ना, चला पुढे" म्हटलंत तर कर्णबधिर माणसापर्यंत अजून प्रश्नच पोचलेला नसतो. मनातल्या मनात सहापर्यंत मोजा. स्लाइड बदलल्यावरही थोडं थांबा. एकाच जोडी डोळ्यांनी तक्ता वाचायचा आणि माझ्याकडेही बघायचं असतं. एका वेळी एकानेच बोला आणि बोलण्याआधी हात वर करा. कागदावरून भरभर वाचणाऱ्या वक्त्याला आवरण्याची जबाबदारी सूत्रसंचालकाची आहे, माझी नाही. मी हात दाखवला तर लोकांना वाटतं, तीही एक खूणच आहे.

ऑनलाइन बैठक आणि व्हिडिओ

ऑनलाइन बैठकीत दुभाष्याची चौकट कायम पुढे राहील असं लावून ठेवा आणि त्याची रंगीत तालीम आदल्या दिवशी करा. ज्याला अडचण आली त्याने चॅटमध्ये कुणाला लिहायचं ते आधी ठरवा. रेकॉर्डिंगमध्ये दुभाष्याची चौकट आपोआप येईलच असं नाही, तेही तपासा.

व्हिडिओ तयार करताना दुभाष्याला पोस्टाच्या तिकिटाएवढं करू नका. मोबाइलवर बघून बोटं स्पष्ट दिसतात का ते पाहा, आणि त्याच्या अंगावरून बातमीची पट्टी किंवा लोगो जाऊ देऊ नका. कॅप्शन आपोआप तयार झाली तरी माणसाने एकदा वाचायलाच हवीत. मशीनने "नाही" गाळलं तर सूचनेचा अर्थच उलटा होतो. वेबच्या सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे, थेट प्रक्षेपणाला कॅप्शन दुसऱ्या पातळीवर आणि सांकेतिक भाषा तिसऱ्या पातळीवर. पहिली पातळी गाठून समाधान मानणाऱ्यांना मी सांगते की ती तळमजल्याची आहे.

मंचाखालचं

मधल्या सुट्टीत दुभाषी विश्रांती घेतो आणि कर्णबधिर कर्मचारी भिंतीला टेकून मोबाइल काढतो, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की त्याची वेळ सांगू शकेन. नोकरीतल्या निम्म्या गोष्टी त्या पंधरा मिनिटांत ठरतात. दोन दुभाषी असतील तर एकाला सुट्टीत थांबायला सांगा, त्याला नंतर वेगळी विश्रांती द्या. आगीच्या भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडून घ्या, स्वच्छतागृहातसुद्धा. माणूस तिथे एकटाच असतो.

पैशांबद्दल एकच सांगते: दुभाष्याचा खर्च कर्णबधिर कर्मचाऱ्याच्या विभागाच्या खात्यावर टाकू नका. संस्थेच्या मध्यवर्ती खात्यात वर्षाची तरतूद ठेवा. नाहीतर दर महिन्याला एका व्यवस्थापकाला बिल दिसतं, त्यावर एका कर्मचाऱ्याचं नाव असतं, आणि बढतीच्या वेळी ते नाव त्याला आठवतं. कुणी तोंडाने तसं म्हणत नाही. ऐन वेळी कार्यक्रम रद्द केलात तर शुल्क पडतं, हेही करारात वाचून ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर

कसं झालं ते विचारा, पण दुभाष्यामार्फत नको. "इंटरप्रिटर कशी होती?" हे माझ्यातर्फेच विचारलंत तर कोण खरं सांगणार? दुसऱ्या दिवशी छोटा फॉर्म पाठवा आणि खुणांमधला व्हिडिओ पाठवूनही उत्तर देता येईल असं करा. एकदा एका बाईंनी अशा व्हिडिओत माझ्याबद्दल तक्रार केली होती की मी अंगठी घालते, ती दिव्याखाली चमकते आणि त्यांचं लक्ष उडतं. अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कामाला जाताना अंगठी पर्समध्ये असते.

आणि पुढच्या सभेची तारीख ठरली असेल तर दुभाषी निघायच्या आत सांगून टाका, म्हणजे मी ती तिथेच डायरीत लिहून घेते.